नोकरीचा कौल कोणाकडे मागावा?

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे १६:१-९ व ३३, प्रेषितांची कृत्ये १:१५-२६ व १६:६-१०
पाठांतराचे वचन : याकोब १:५
पाठाचा उद्देश : शिक्षण, नोकरी व धंदा ह्यांविषयी निर्णय घेताना ख्रिस्ती मनुष्याने मार्गदर्शन कसे शोधावे हे समजून घेणे.



परीक्षांचे निकाल लागले की "आता पुढे काय?" हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. जोयडा तालुक्यासारख्या भागात तो अधिकच अवघड होतो. चहूकडे जंगल, मधून वाहणारी काळी नदी, भाताची लहान लहान शेते आणि पोटापाण्याची साधने थोडी. दांडेलीची कागद गिरणी जवळ आहे, परंतु तेथे सर्वांना जागा कोठून मिळणार? मग कोणी हल्याळ-हुबळीकडे पाहतो, कोणी बेळगाव-कारवारकडे, तर कोणी अनमोडचा घाट उतरून गोव्याला जातो. एक वाट घराकडे ओढते, दुसरी पगाराकडे. दोन्ही वाटांवर प्रेमाची माणसे उभी असतात, म्हणूनच निवड करताना जीव कासावीस होतो.

आपल्या मंडळीत असा एक तरुण आहे असे समजू. असे तरुण आपणा सर्वांना ठाऊक आहेत. आयटीआयमधून तो फिटरचे काम शिकला आहे. गोव्यातील वेर्ण्याच्या एका कारखान्याचे पत्र आले आहे. पंधरा दिवसांत हजर व्हावयाचे आहे. घरी वडिलांना दम्याचा विकार, दोन एकर भात आणि शिकणारी धाकटी बहीण. वडील म्हणतात, "तू गेलास तर शेत पडीक राहील." आई म्हणते, "राहिलास तर तू पडीक राहशील." पंधरापैकी नऊ दिवस सरले. रात्री तो मोबाईल उघडतो आणि त्यात त्याला एक जुनी चिनी पद्धत सापडते : तीन नाणी सहा वेळा टाका आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळवा. तो नाणी टाकतो. ह्या तरुणाला आपण काय सांगणार? ह्या पाठात त्याचा विचार करू.

१. ती चिनी पद्धत कोणती?

तिचे नाव 'यी चिंग', म्हणजे बदलांचा ग्रंथ. त्याचा गाभा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या चौ राजवंशाच्या काळातला मानतात. एकावर एक सहा रेघा मांडून एक आकृती होते. प्रत्येक रेघ अखंड असते किंवा मध्ये तुटलेली असते. अशा दोन प्रकारच्या सहा रेघांच्या एकंदर ६४ आकृत्या होतात आणि प्रत्येकीखाली थोडका मजकूर असतो. पूर्वी ही आकृती काढण्यासाठी एका रानवनस्पतीच्या ५० काड्या घेत. एक बाजूला ठेवून ४९ काड्या पुनःपुन्हा वाटून मोजीत. पुढे तीन नाण्यांची सोपी रीत आली. नाण्याच्या एका बाजूला तीन व दुसरीला दोन असे अंक धरून बेरीज करावयाची : सात किंवा नऊ आल्यास अखंड रेघ, सहा किंवा आठ आल्यास तुटक. सहा वेळा नाणी टाकली की खालून वर आकृती पुरी होते.

हा ग्रंथ म्हणजे रस्त्यावरच्या भविष्यवाल्याचे चोपडे नव्हे हे आपण प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चीनमधील पाच थोर ग्रंथांत त्याची गणना होते. राजाने कसे वागावे, केव्हा पुढे व्हावे, केव्हा मागे सरावे ह्यांविषयी त्यात पुष्कळ विचार आहे. आणखी नवल म्हणजे पाश्चात्त्य जगाला त्याची ओळख करून देणारे दोन प्रसिद्ध भाषांतरकार प्रॉटेस्टंट मिशनरी होते. लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स लेग ह्यांचे इंग्रजी भाषांतर १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. जर्मन मिशनरी रिचर्ड विल्हेल्म ह्यांचे भाषांतर १९२४ मध्ये आले. १९५० मध्ये ते इंग्रजीत उतरले आणि त्याला मानसशास्त्रज्ञ युंग ह्यांनी प्रस्तावना लिहिली. तेव्हापासून युरोप-अमेरिकेतील तरुण मंडळी ह्या ग्रंथाला नोकरीबद्दल, लग्नाबद्दल प्रश्न विचारू लागली. परक्या लोकांचे ग्रंथ आदराने अभ्यासण्यास आपल्या पूर्वीच्या सेवकांना भीती वाटली नाही. आपल्यालाही वाटू नये. परंतु ग्रंथ अभ्यासणे ही एक गोष्ट आणि आपल्या आयुष्याचा निर्णय नाण्यांच्या पडण्यावर टाकणे ही दुसरी.

आता आपल्या तरुणाकडे वळू. समजा त्याला पाचवी आकृती मिळाली : खालून तीन अखंड रेघा, मग एक तुटक, एक अखंड, एक तुटक. तिचे नाव 'थांबणे' किंवा 'वाट पाहणे'. तो म्हणेल, "झाले! थांब असे सांगितले आहे." परंतु त्याच आकृतीच्या मजकुरात मोठी नदी ओलांडणे हितकारक असल्याचेही सांगितले आहे. ते वाचून त्याची आई म्हणेल, "म्हणजे काळी नदी ओलांडून जा!" एकच आकृती, आणि वडिलांना एक उत्तर, आईला दुसरे. अखेर निवड कोणी केली? ज्याच्या मनात जे होते त्यानेच. समाधान झाले नाही म्हणून त्याने पुन्हा नाणी टाकली, तर तीच आकृती येण्याचा संभव ६४ मध्ये एकच. त्याच ग्रंथाच्या चौथ्या आकृतीत तर असा भाव आहे की पहिल्यांदा विचारणाऱ्याला उत्तर मिळते, पण तेच दोनतीनदा विचारणे हा त्रास देणे आहे आणि त्याला उत्तर नाही. नाण्यांचा हा स्वभाव त्या ग्रंथकर्त्यांनाही ठाऊक होता!

२. कौल आपल्याला नवा नाही

चीन दूर आहे असे कोणी म्हणू नये. कोकण, गोवा व कारवारच्या पट्ट्यात देवाला कौल लावण्याची चाल फार जुनी आहे. मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवितात, प्रश्न विचारतात, उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्न, घर, शेत, प्रवास, नोकरी सर्व विचारले जाते. आपल्या भाषेतच तो शब्द इतका मुरला आहे की निवडणुकीच्या निकालालाही आपण जनतेचा कौल म्हणतो. हे आपले शेजारी भाविक आहेत, त्यांची चिंता खरी आहे. त्यांना हसणे हे ख्रिस्ती मनुष्याचे काम नव्हे.

पवित्र शास्त्रातही असे चित्र आहे. यहेज्केल २१:२१ मध्ये बाबेलचा राजा दोन रस्त्यांच्या फाट्यावर उभा आहे. कोणत्या वाटेने जावे हे ठरविण्यासाठी तो बाण हलवितो, मूर्तींना विचारतो आणि पशूचे काळीज पाहतो. एवढा मोठा राजा, एवढी सेना, पण फाट्यावर आल्यावर तोही आपल्या तरुणासारखाच घाबरा! परमेश्वराने इस्राएलाला अशा गोष्टींची स्पष्ट मनाई केली आहे (अनुवाद १८:१०-१२). परंतु आपण बहुधा तेथेच थांबतो, तसे थांबू नये. पंधराव्या वचनात तोच परमेश्वर आपल्या लोकांसाठी संदेष्टा उभा करण्याचे अभिवचन देतो. मनाईच्या पाठोपाठ त्याची वाणी आहे. बोलणारा देव असताना मुक्या काड्यांना कशाला विचारावे, हा त्या मनाईचा अर्थ होय.

३. मग शास्त्रातील चिठ्ठ्यांचे काय?

येथे विचार करणारा विद्यार्थी विचारील, "गुरुजी, शास्त्रातही चिठ्ठ्या टाकल्या आहेत ना?" होय, टाकल्या आहेत. परंतु कशासाठी, हे बारकाईने पाहिले पाहिजे. यहोशवाने शिलो येथे चिठ्ठ्या टाकून वंशांना जमीन वाटून दिली (यहोशवा १८:१०). नहेम्याच्या काळी यरुशलेमात राहावयास दहांतून एक कोणी जावे हे चिठ्ठ्यांनी ठरले (नहेम्या ११:१). धूप जाळण्याची पाळी जखऱ्याला चिठ्ठीने मिळाली (लूक १:९). चिठ्ठीने भांडण मिटते असे नीतिसूत्रे १८:१८ मध्ये म्हटले आहे. ह्या सर्व ठिकाणी वाटणी न्यायाने व्हावी, कोणाची मर्जी चालू नये, म्हणून चिठ्ठी आहे. आजही म्हाडाच्या घरांसाठी सोडत निघते, भिशीत चिठ्ठी उचलतात. त्यात गैर काही नाही. उद्या आपले भले होईल की वाईट, हे त्या चिठ्ठीला कोणी विचारीत नाही.

मत्थियाची निवड पाहा. आधी शिष्यांनी पात्रता ठरविली : तो आरंभापासून प्रभूबरोबर असलेला आणि पुनरुत्थानाचा साक्षी होण्याजोगा असावा. मग दोन योग्य माणसे निवडली. मग प्रार्थना केली. शेवटी चिठ्ठी टाकली. आणि हेही लक्षात घ्यावे की ही घटना पेंटेकॉस्टच्या आधीची आहे. पवित्र आत्मा आल्यानंतर मंडळीने चिठ्ठी टाकून निर्णय केल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत आपल्याला आढळत नाही. सहाव्या अध्यायात सात सेवक त्यांचे गुण पाहून निवडले. तेराव्यात उपास व प्रार्थना करून पौल व बर्णबा ह्यांना पाठविले. पंधराव्यात मोठी चर्चा होऊन निर्णय झाला. सोळाव्यात पौलाची वाट दोनदा अडली, मग रात्री दृष्टांत झाला, आणि तेव्हाही सर्व सोबत्यांनी मिळून त्यावरून अनुमान काढले. आत्मा आला तो आपल्या बुद्धीला निवृत्त करण्यासाठी आला नाही. तिला जागे करण्यासाठी आला.

"पण चिठ्ठीचा निकाल परमेश्वराकडून असतो असे नीतिसूत्रे १६:३३ सांगते!" असाही प्रश्न येईल. ते खरेच आहे. त्याच्या सत्तेबाहेर काही नाही. एक चिमणीही नाही (मत्तय १०:२९). परंतु चिमणी जमिनीवर पडली म्हणजे मी नोकरी सोडावी असा निरोप आला, असे आपण म्हणत नाही. सर्व काही देवाच्या हातात आहे ह्याचा अर्थ प्रत्येक घडामोड माझ्या नावचे पत्र आहे, असा होत नाही.

४. आपल्या घरातील कौल

आता थोडे कठीण बोलावयाचे आहे. आपण देवळात कौल लावीत नाही, चिनी नाणी टाकीत नाही, परंतु वचनांची डबी उघडून "जाऊ की नको?" म्हणून एक चिठ्ठी उचलतो. डोळे मिटून शास्त्र उघडतो आणि बोट ठेवतो. मनासारखे वचन आले नाही तर दुसरी चिठ्ठी उचलतो. सकाळच्या मननासाठी एक वचन घेणे ही सुंदर चाल आहे. हर्नहूट येथील मोरेव्हियन बंधूंनी १७२८ मध्ये दररोजच्या वचनाची प्रथा सुरू केली आणि ती आजतागायत चालू आहे. परंतु मननासाठी वचन घेणे वेगळे आणि वचनाचे नाणे करून ते उडविणे वेगळे.

ह्या मोहात मोठमोठे भक्तही सापडले आहेत. जॉन वेस्ली ह्यांनी १७३७ मध्ये विवाहाविषयी आणि १७३९ मध्ये ब्रिस्टलला जाण्याविषयी चिठ्ठ्या टाकल्या. मोरेव्हियन मंडळीत तर सभासदांचे विवाहसुद्धा चिठ्ठीने ठरत. परंतु अनुभवाने त्या मंडळीने विचार बदलला : १८१८ मध्ये सर्वसाधारण सभासदांच्या विवाहावरून चिठ्ठीचे बंधन काढले आणि १८८९ मध्ये ही पद्धतच बंद केली. त्यांचा विश्वास कमी झाला म्हणून हे घडले असे आपण समजू नये. मंडळी वाढत्या वयाला आली असे समजावे.

यिर्मया २९:११ हे वचन आपल्याकडे नोकरीच्या वेळी फार प्रिय आहे. परंतु ते पत्र कोणाला लिहिले होते? बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्यांना. त्याच पत्रात घरे बांधा, मळे लावा, त्या नगराच्या हिताकरिता प्रार्थना करा असे सांगितले आहे, आणि सुटकेला सत्तर वर्षे लागतील असेही सांगितले आहे. त्याआधी हनन्या नावाच्या मनुष्याने दोन वर्षांतच सर्व परत येईल असा गोड कौल दिला होता (यिर्मया २८:३). लोकांना हवा तो कौल हनन्याने दिला. परमेश्वराने लोकांना काम दिले आणि आशा दिली. खरे मार्गदर्शन कोणते, हे ओळखण्याची ही चांगली खूण आहे.

आणखी एक कौल आपल्यात आहे. घरातील वडील माणूस किंवा मंडळीचा पुढारी म्हणतो, "प्रभूने मला दाखविले आहे, तू जाऊ नकोस." मुलगा गप्प बसतो. शेत राखण्यासाठी, घर भरलेले राहण्यासाठी, मंडळीतील तरुण कमी होऊ नयेत म्हणून आपणास त्याने राहावे असे वाटते. ते वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या इच्छेला प्रभूचे नाव देऊ नये. "मला तुझी गरज आहे, मला भीती वाटते" असे बापाने सरळ म्हणावे. त्यावर मुलाला विचार करता येतो. देवाच्या नावाने दिलेल्या कौलावर त्याला बोलताच येत नाही.

५. कौल हवासा का वाटतो?

कारण निर्णयाचे ओझे जड असते. नाण्याने सांगितले, चिठ्ठीने सांगितले, म्हणजे पुढे बिघडले तर दोष माझा नव्हे. परंतु ख्रिस्ती मनुष्य हा गुलाम नसून पुत्र आहे. गुलामाला हुकूम पुरतो. पुत्राने पित्याचे मन ओळखावे अशी अपेक्षा असते. म्हणून याकोब १:५ मध्ये कशाचे अभिवचन आहे ते नीट वाचावे. तेथे निकालाचे अभिवचन नाही, भविष्याचेही नाही. मागणाऱ्याला देव ज्ञान देईल, औदार्याने देईल आणि दोष लावणार नाही, असे आहे. स्तोत्र ११९:१०५ मधील दिवाही पावलापुरता आहे. अनमोडच्या घाटात रात्री बॅटरी घेऊन चालणाऱ्याला हे समजेल. पणजीपर्यंतचा रस्ता बॅटरीत दिसत नाही. पुढचे पाऊल दिसते, आणि तेवढ्यावर मनुष्य घाट उतरतो.

६. मग ठरवावे कसे?

पहिली गोष्ट, हे काम प्रामाणिकपणे करता येईल काय? लाचलुचपत, फसवणूक किंवा दुसऱ्याचे नुकसान त्यात असेल तर प्रार्थना करीत बसण्याचीही गरज नाही. उत्तर शास्त्रात दिलेलेच आहे.

दुसरी, देवाने मला कोणते हात दिले आहेत? जो यंत्र उघडून जोडण्यात रमतो आणि जो मातीत रमतो त्या दोघांचे दान एक नव्हे.

तिसरी, माझ्यावर कोण अवलंबून आहे? आईबापांचा मान राखणे ही आज्ञा आहे. पण मान राखणे म्हणजे नेहमी घरीच राहणे असे नाही. कधी दरमहा पाठविलेला पैसा आणि सुगीला घेतलेली रजा हाही मान असतो.

चौथी, नीट माहिती काढली काय? पगार किती, राहण्याची सोय कोठे, खर्च जाऊन हातात काय उरेल, काम कायम की कंत्राटी, तेथे उपासनेला जाता येईल काय? बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्च मोजावा असे प्रभूने सांगितले (लूक १४:२८). हिशेब करणे हा अविश्वास नव्हे.

पाचवी, दोनतीन सुज्ञ माणसांशी बोललो काय? पुष्कळ सल्लागार असले म्हणजे बेत सिद्धीस जातात, असा नीतिसूत्रे १५:२२ चा बोध आहे. त्यातील एक जण तरी त्या गावी राहून काम केलेला असावा.

ह्यानंतर प्रार्थना करून ठरवावे, आणि प्रभूची इच्छा असल्यास करीन अशा नम्रतेने पाऊल टाकावे (याकोब ४:१३-१५). कदाचित दोन्ही वाटा चांगल्या असतील. मग भिऊ नये. चांगल्या दोन वाटांपैकी एक निवडल्याबद्दल पिता मुलाला शिक्षा करीत नाही. आणि पुढे चूक झाली असे दिसले, तरी तारशीशला निघालेल्या योनालाही परमेश्वराने टाकून दिले नाही.

७. मंडळीचे कर्तव्य

शेवटी स्वतःला एक प्रश्न विचारू. तो तरुण नाण्यांकडे का गेला? नऊ दिवसांत त्याच्याजवळ बसून त्याचे ऐकून घेणारे कोणी होते काय? यी चिंग वापरणारे पुष्कळ लोक सांगतात की त्यामुळे शांत बसून आपला प्रश्न नीट शब्दांत मांडावा लागतो. एवढे तरी आपण मंडळीत करू शकतो. उपासनेनंतर अर्धा तास द्यावा. वेर्ण्याला, हुबळीला काम करून आलेल्याची गाठ घालून द्यावी. मागे राहणाऱ्या वडिलांच्या शेतात भाताच्या कापणीला चार हात पाठवावेत. मग "जा" म्हणणे सोपे होईल, आणि "राहा" म्हणणेही. जो राहील त्याने खिन्न मनाने राहू नये, आणि जो जाईल त्याने अपराधी मनाने जाऊ नये. दोघेही एकाच प्रभूचे चाकर आहेत.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. यहोशवाने टाकलेल्या चिठ्ठ्या आणि बाबेलच्या राजाने हलविलेले बाण ह्यांत फरक कोणता?
२. मत्थियाच्या निवडीत चिठ्ठीच्या आधी कोणत्या तीन गोष्टी झाल्या?
३. आपल्या घरी वचनांची डबी कशी वापरतात? ती मननासाठी वापरणे आणि कौलासाठी वापरणे ह्यांतला फरक उदाहरणाने सांगा.
४. ह्या पाठातील तरुणाचे सहा दिवस उरले आहेत. प्रत्येक दिवशी त्याने काय करावे ते वर्गाने मिळून लिहावे.

शिक्षकांनी चौथ्या प्रश्नाला सर्वांत अधिक वेळ द्यावा. "जावे" की "राहावे" ह्याचा निर्णय वर्गाने करू नये; तो त्या तरुणाचा आहे.